कच्चं रक्त

बोरटेकच्या उकंडराव पाटलांनी जन्मात पुष्कळ हुकूम सोडले आणि ते सगळे गावानं पाळले. कारण लोक जे तसंही करणारच होते, त्याचाच हुकूम सोडायची पाटलांना सवय होती. पाऊस झाला की पेरा. पोळ्याला बैल धुवा. तहसीलदार आले की उभे राहा. अशा कारभारात कुणाचा अपमान होत नाही, पाटलांचा तर नाहीच नाही.

रागात सोडलेला हुकूम एकच.

झालं असं की पोळ्याच्या दिवशी वेशीत तोरण बांधलेलं होतं, बैलांची रांग लागली होती, पोळ्याची गाणी, म्हणजे झडत्या, म्हणणाऱ्यांचे आवाज नुकते चढले होते. तोरणाखालून पहिली जोडी पाटलांची जायची, ही रीत. त्याच वेळी अर्जुनराव माळ्याच्या बैलाला गांधीलमाशी चावली. गांधीलमाशीला मानपान कळत नाही. बैल उधळला, अर्जुनरावच्या हातचा कासरा सुटला, आणि पाटलांची मानाचं मखर बांधलेली जोडी बघत राहिली. हा बैल आपला तोरणाखालून गेला तो थेट नाल्यात जाऊन उभा राहिला. गाव हसलं. अर्जुनराव हसला नाही, उलट पाटलांच्या पायावर डोकं ठेवून आला. पण गाव हसलं होतं, आणि सगळ्या गावावर रागावणं पाटलांना परवडण्यासारखं नव्हतं. म्हणून त्यांनी अर्जुनरावावर भागवलं.

"आजपासून," चावडीवर शपथेचा बेलभंडारा उचलून ते म्हणाले, "माह्या घरची बाई, पोरगं, गडी, कूळ, कोनीबी अर्जुनरावच्या मळ्यात पाय ठेवनार नाही. अन् त्या मळ्यातलं पान माह्या उंबऱ्याच्या आत येनार नाही."

बोरटेक म्हणजे सुलतानपूरहून लोणारकडे जाताना लागणारं, दगड फार आणि पाणी थोडं असलेलं गाव. भाजीचा मळा एकच होता, कारण उन्हाळ्यात पाणी धरणारी विहीर एकच होती, आणि दोन्ही अर्जुनरावची होती. पाटलांच्या रानात ज्वारी, कपाशी, तूर. भाजी त्यांच्या घराण्यात कुणी पिकवली नव्हती. पाटलानं मेथीच्या वाफ्याला पाणी देत उकिडवं बसायचं, हे चित्र कुणाच्या डोक्यात आलंच नसतं.

हुकूम पाटलांना स्वतःला फारसा जाणवला नाही. महिन्यातले निम्मे दिवस ते मेहकरला कचेरीत नाहीतर कुणा सोयऱ्याच्या पंगतीत असत, आणि तिथं पानावर काय वाढलंय याचा जाब त्यांना कुणी विचारत नव्हतं. मुलगा उत्तमराव कापसाच्या गाड्या घेऊन बाहेरच. घरात मनकर्णाबाई, म्हणजे पाटलीणबाई, भाकरी, पिठलं, ठेचा आणि तुरीचं वरण करीत. त्यांचं वरण सकाळी चुलीवर चढायचं आणि दुपारपर्यंत उकळत राहायचं. त्यात काही जीव असलाच तर तो तोवर निघून जायचा. सून सत्यभामा सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खायची. ती पाटलांच्या हुकमाच्याच महिन्यात गरोदर राहिली होती.

या सुनेबद्दल पाटलांना एक कौतुक होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पाटील विनोद करीत. बैठकीतले लोक मोठ्यानं हसत, कारण पाटलांच्या बैठकीत बसले होते. पण आतल्या दाराआडून एक बारीक हसू येई. ते दाबलेलं, न राहवून निसटलेलं असे, आणि विनोद खरोखर जमला तरच येई. पडला तर येत नसे. पाटील आताशा बैठकीकडे तोंड करून बोलत, पण कान दाराकडे ठेवत.

माघापासून दार गप्प झालं. पाटलांना वाटलं, आपले विनोद उतरले. त्यांनी नवे करून पाहिले. मेहकरच्या वकिलाची नक्कलही करून पाहिली, जी कधीच वाया जात नसे. दार गप्पच.

चैतात एका सकाळी ते परसात आले, तेव्हा सत्यभामा पाण्याची कळशी खाली ठेवून भिंतीला हात लावून उभी होती. धाप लागलेली. पायावर सूज. भिंतीवरचा हात पाटलांनी पाहिला. भिंत चुन्यानं नुकती पांढरी केलेली होती, आणि हात तिच्यात हरवला होता.

"काऊन वो," ते बायकोला म्हणाले, "पोरगी इतकी पांढरी काऊन पडली?"

"गोरी होऊन राह्यली," मनकर्णाबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज त्यांनाच पटला नाही.

दमणी जुंपून सुनेला मेहकरच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर भगवंतराव नागपूरहून शिकून आलेले, तरुण, आणि स्वतःच्या पैशानं घेतलेला पितळी सूक्ष्मदर्शक बाळगणारे होते. ताप मोजायला आलेल्या माणसालाही ते आधी त्या यंत्राशी ओळख करून देत. त्यांनी सत्यभामेच्या बोटाला टोचलं, थेंब काचेवर ओढला, रंग टाकला, धुतला, आणि बराच वेळ डोळा लावून बसले.

"पाटील, जरा बघा."

पाटलांनी एक डोळा मिटला. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या, मग गुलाबी चकत्या.

"भाकऱ्या दिसून राह्यल्या," ते म्हणाले. "मोठ्या थोड्या. लायन्या थोड्या. दोन-चार फार मोठ्या."

"त्या मोठ्यांचंच दुखणं आहे. एकीच्या पोटात जांभळा ठिपका दिसतो?"

"हाव. बी असल्यावानी."

"ते बी टाकून मगच तांबडी पेशी बाहेर पडते. ही बियांसकट बाहेर आली. कच्ची आली." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. एवढा मोकळा श्रोता त्यांना आठवड्यात मिळाला नव्हता. "रक्त कुठं तयार होतं, माहीत आहे?"

"काळजात."

"हाडात. हाडाच्या पोकळीत जो मगज असतो ना, त्यात. तिथं एक मूळ पेशी असते. तुमच्या भाषेत, घराण्याचा मूळ पुरुष. ना तांबडी, ना पांढरी. तिला काम नेमून दिलेलं नसतं. तिच्यापासून एक शाखा तांबड्या पेशींची निघते, त्या श्वासातली हवा अंगभर पोचवतात. दुसरी पांढऱ्यांची, त्यांच्यात पुन्हा पोटशाखा, त्या रोगाशी लढतात. तिसरीतून बारीक कण तयार होतात, ते जखमेला बांध घालतात."

पाटील सावरून बसले. घराणं, शाखा, पोटशाखा या विषयात तालुक्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"यातली थोरली शाखा कोनती?"

"थोरली-धाकटी असं नाही."

"मंग मान कोनाचा पयला?"

"मान नसतो, पाटील. गरज असते. ताप आला की पांढऱ्या जास्त निघतात. रक्त वाहिलं की तांबड्या जास्त निघतात. शरीर जशी मागणी करील तशी मूळ पेशीची पोरं त्या-त्या वाटेला लागतात."

"जात नाही?"

"मुळात नाही. पुढे होते. एकदा तांबडीच्या वाटेला लागून तांबडी झाली, की ती परत मूळ होत नाही."

पाटलांनी यावर विचार केला. जन्मताना कुणीच काही नाही आणि गरज पडेल तसा जो-तो काहीही होतो, असं गाव त्यांनी डोळ्यासमोर आणून पाहिलं. ते चालणं त्यांना शक्य वाटेना. पण आपल्याच हाडात ते बिनबोभाट चाललंय म्हटल्यावर बोलायची सोय नव्हती.

"हे ठरलेलं हाये का?"

"विद्वानांत दोन तट आहेत," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले. "एक म्हणतात, मूळ एकच. दुसरे म्हणतात, तांबड्यांचं मूळ वेगळं, पांढऱ्यांचं वेगळं. जर्मनीत यावर फार भांडणं आहेत."

"म्हंजे तिथंबी भाऊबंदकी हायेच," पाटील समाधानानं म्हणाले. मग त्यांना दाराशी बाकावर बसलेली सून दिसली. या बोलण्यावर तिला हसू यायला हवं होतं. ती डोळे मिटून बसली होती.

"पन मंग हिच्या घराण्यात काय बिघडलं?" त्यांनी हळू विचारलं.

"मूळ ठीक आहे. पोरंही ढीगभर जन्मताहेत, मगज त्यांनी गच्च भरला असेल. पण ती मोठी होत नाहीत. नुसती फुगतात आणि निम्मी आतच मरतात. ज्वारी उगवली, ताठे वाढले, पण कणसात दाणा भरला नाही, असं समजा. पिकायला जे काही लागतं, ते हिला मिळत नाहीये."

"काय लागते?"

"ते नक्की कुणालाच माहीत नाही. त्याला अजून नाव नाही. पण ते बकऱ्याच्या काळजात, म्हणजे यकृतात असतं. काळीज खायला घाला."

दाराबाहेर बसलेल्या मनकर्णाबाईंनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. डॉक्टरांना उत्तर मिळालं.

"बरं. खमिराचा एक अर्क निघतो, त्यातही असतं. मुंबईत गिरणीतल्या गरोदर बायांना देऊन पाहिलाय, गुण आलाय. मी लिहितो, पण बाटली यायला दिवस लागतील. तोवर हिरवा पाला द्या. पालक, चंदनबटवा, मेथी, जे मिळेल ते. रोज, ताजा. नुसती वाफ द्या, उकळून पाणी फेकू नका." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पाटील, बाळंतपण जेठात आहे. बाळंतपणात थोडं रक्त जातंच. हिच्याजवळ थोडंही जाऊ द्यायला नाही. समजलं ना?"

समजलं होतं. दमणी परत निघाली. चैताचं ऊन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवं म्हणावं असं काही नव्हतं. बोरटेक जवळ आलं तेव्हा उतारावर एक हिरवा तुकडा दिसला, मोटेच्या चाकाचा आवाज आला, आणि मनकर्णाबाई तिकडे बघत म्हणाल्या, "पान आत येनार नाही म्हने."

पाटील बैलांकडे बघत राहिले.

पहिला तोडगा पाटलांनी काढला तो पाटलांना शोभेलसा होता. त्यांनी आपल्या कारभारी नावाच्या सालगड्याला लोणारच्या बाजाराला पाठवलं. कारभारी बाजाराच्या दिवशी मेथीच्या जुड्या घेऊन आला. उन्हात त्यांनी माना टाकल्या होत्या. पाटलांनी एक जुडी हातात घेतली. ती केळीच्या सोपटानं बांधली होती, दोन वेढे आणि आत खोचलेलं टोक. तशी जुडी अर्जुनरावची बायको कौशल्याबाई बांधायची. सगळं गाव ती गाठ ओळखत होतं.

"कोनाकून घेतली बे?"

"बाजारातून, मालक."

"बाजारात कोनाकून?"

कारभारी शहाणा होता. "गर्दी लय होती," तो म्हणाला.

पाटलांनीही पुढे विचारलं नाही. पाला उतारावरून निघाला, कौशल्याबाईच्या डोक्यावर लोणारला गेला, आणि कारभाऱ्याच्या खांद्यावर परत आला. वाटेत त्याचा अर्जुनरावशी संबंध सुटला, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं. उंबऱ्याला काही झालं नाही.

पण बाजार आठवड्याचा. पुन्हा मेहकरला गेले तेव्हा डॉक्टरांनी काच पाहिली आणि मान हलवली.

"भाजी देताय?"

"देतो ना. बाजारच्या बाजारी."

"पाटील, रक्त बाजारच्या बाजारी तयार होत नाही. ते रोज होतं."

त्या दिवशी घरी आल्यावर सत्यभामेला दमणीतून उतरवायला दोघी बाया लागल्या. ओट्याच्या पायऱ्या चढताना ती मधेच बसली. पाटलांनी पाहिलं, आणि कधी नव्हे ते बायकोजवळ जाऊन उभे राहिले.

"मी बेलभंडारा उचलला," ते म्हणाले. "साऱ्या गावासमोर."

"उचलला तं उचलला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पान उंबऱ्याच्या आत नाही आनायचं ना? मी बाहेर चूल मांडतो. लिंबाखाली. तिथंच रांधतो, तिथंच तिले खाऊ घालतो. उंबऱ्याच्या आत तिचं पोट जाईन, पान नाही जानार."

पाटलांनी यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही. इतकी वर्षं या बाईला आपण नुसतं वरण उकळायला लावलं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

"पन मळ्यात जाईन कोन? बाया, पोरं, गडी, कूळ, समद्यायले बंदी हाये."

मनकर्णाबाईंनी खुंटीवरची टोपली काढली आणि नवऱ्याकडे धरली.

खरंच की. हुकमात पाटलांचं नाव नव्हतं. पाटील स्वतः मळ्यात भाजी आणायला जातील, हे चावडीवर त्या दिवशी कुणाला सुचलं नव्हतं. पाटलांना तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव पाटील फेटा बांधून, काठी घेऊन, काखेत टोपली मारून उतारावर गेले. अर्जुनराव मोट हाणत होता. त्यानं बैल थांबवले. हाच तो बैल. दोघांनीही आधी बैलाकडे पाहिलं.

"बरा हाये का?" पाटलांनी विचारलं.

"बरा हाये. थो तं तवाच इसरला."

बैलानं शेपूट हलवली.

"सुनेले पाला पायजे," पाटील म्हणाले. "डाक्टरनं सांगतलं. तिचं रक्त कच्चं हाये."

अर्जुनरावनं काही मागितलं असतं, पोळ्याचं काही काढलं असतं, तर पाटलांना बरं वाटलं असतं. घासाघीस त्यांना येत होती. त्यानं नुसतं, "घ्या ना, मालक, लागन तेवढा," म्हटलं, आणि पुन्हा मोटेला लागला. पाटील वाफ्याच्या कडेला टोपली घेऊन उभे राहिले. मग वाकले आणि चंदनबटव्याचं एक झाड मुळासकट उपटलं.

"अय बाप्पा!" कौशल्याबाई पलीकडच्या वाफ्यातून ओरडली, आणि मग कुणाला ओरडलो हे लक्षात येऊन पदर डोक्यावर घेत हळू आवाजात म्हणाली, "बुडापासून नोका उपटू, पाटील. शेंडा खुडा. बूड राह्यलं तं पुन्हा फुटते. उद्या काय न्यान मंग?"

"उद्याबी यावं लागन," पाटील म्हणाले. ते त्यांच्या आत्ताच ध्यानात आलं होतं.

"रोजच या ना. तेच म्हनून राह्यली."

खुडता खुडता त्यांची कंबर भरून आली. टोपली भरली तेव्हा नवा प्रश्न उभा राहिला. मळा उतारावर, घर गावाच्या त्या टोकाला, आणि मधे सबंध बोरटेक. भरलेली टोपली काखेत मावेना. ती एक तर डोक्यावर घ्यायची, नाहीतर पोटाशी धरायची. डोक्यावर फेटा होता. पाटलांनी ती पोटाशी धरली, काठी बगलेत मारली आणि चालू लागले.

पारावर बसलेली मंडळी उठून उभी राहिली, कारण पाटील आले की उभं राहायचं असाही हुकूम होता. कुणी हसलं नाही. हसू दाबल्याचा आवाज मात्र देवळापर्यंत त्यांच्या मागे आला. देवळाच्या कोपऱ्यावर अन्नपूर्णाबाई बसली होती. म्हातारीला उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नव्हतं, पण ताज्या भाजीचा वास चांगला येत होता.

"कशी देली बाप्पा?" तिनं विचारलं.

पाटील थांबले. पारावर आता पूर्ण शांतता होती. त्यांनी टोपलीतून दोन मुठी पाला काढला आणि म्हातारीच्या ओच्यात घातला.

"पैशे?"

"असू दे, आजी. उद्या दे."

लिंबाखाली चूल पेटली होती. सत्यभामा खाटेवर बसली होती. मनकर्णाबाईंनी पाल्याला नुसती वाफ दिली, वर तेल-लसूण टाकलं, आणि भाकरीबरोबर सुनेपुढे ठेवलं. सासू-सासरे समोर उभे आणि सून आधी जेवतेय, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. तिनं घास तोंडात घातला आणि मान खाली केली. पाटील दुसरीकडे बघू लागले.

ते रोज गेले. गावानं पहिले काही दिवस मजा पाहिली. मग गुरं सुटायच्या वेळेला पाटील टोपली घेऊन परतात, हे गावाच्या अंगवळणी पडलं. अन्नपूर्णाबाई रोज भाव विचारी आणि रोज उधार नेई.

डॉक्टर भगवंतराव एक दिवस घोड्यावरून स्वतःच आले. काचा, रंग, यंत्र सगळं बरोबर घेऊन. या वेळी त्यांनी निळा रंग टाकला आणि लिंबाखालीच डोळा लावला.

"निघाली!" ते ओरडले. "पाटील, बघा. आत निळी जाळी दिसते ना? ही आत्ता-आत्ता बाहेर पडलेली तांबडी पोरं. बी टाकून, रीतसर पिकून आलेली. केवढी तरी आहेत!"

पाटलांनी पाहिलं. त्यांना जाळी दिसली की नाही कोण जाणे, पण त्यांनी मान डोलावली.

बाटली त्यानंतर आली. काळा, दाट, खारट वासाचा अर्क. मनकर्णाबाईंनी तो हुंगला, आणि ही बाटलीही उंबऱ्याबाहेर लिंबाच्या फांदीला टांगली. सत्यभामेनं नाक धरून तोही घेतला. सून बरी कशानं झाली, याबद्दल पुढे मतभेद राहिले. डॉक्टरांनी आपल्या टिपणात अर्काला श्रेय दिलं. मनकर्णाबाईंनी देवीला खण-नारळ नेला. अर्जुनरावला कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही काही सांगितलं नाही.

जेठात मुलगी झाली. रक्त जायचं तेवढं गेलं. सत्यभामा राहिली.

मग पोळा आला. वेशीत तोरण बांधलं, बैलांची रांग लागली. अर्जुनराव शेवटच्या टोकाला, बैलाचा कासरा मनगटाला तीन वेढे घालून उभा होता. पाटलांची जोडी पहिली गेली, कुणाला काही चावलं नाही. आता पाटील बंदी उठवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाटलांनी इकडे-तिकडे पाहिलं, बैलांच्या पूजेचं बोलले, पावसाचं बोलले, आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फेटा बांधून टोपली घेऊ लागले, तेव्हा कारभाऱ्याला राहवेना.

"मालक, आता तं सूनबाई चांगल्या झाल्या. अर्जुनरावबी दुश्मन राह्यला नाही. बंदी उठवा ना. भाजी मीच आनत जाईन. बरं नाही दिसत, तुमी टोपलं घेऊन."

पाटील थांबले. डॉक्टर म्हणाले होते ते त्यांना आठवलं: एकदा तांबडी झाली की ती परत मूळ होत नाही.

"बंदी उठवली तं तू जाशीन," ते म्हणाले.

"हाव."

"मंग मले कोन जाऊ देईन बे?"

कारभारी बघत राहिला. आणि आतल्या दाराआडून, पोरीला पाजता पाजता दाबलेलं, न राहवून निसटलेलं एक बारीक हसू आलं.

पाटलांनी दाराकडे पाहिलं नाही. बंदी कायम असल्याचं त्यांनी कारभाऱ्याला पुन्हा एकदा कडक शब्दांत सांगितलं, आणि टोपली पोटाशी धरून ते उतारावर गेले.